मदत हवी आहे : घरात वाचवलेल्या पाण्यापैकी कृष्णेत नेमके किती उरते?

नमस्कार. सांगलीतील आमच्या ४० सदनिकांच्या सोसायटीने जानेवारीपासून पाणीबचत सुरू केली असून तिच्या हिशेबात मी अडकले आहे. पाटबंधारे किंवा पाणीपुरवठ्याचे काम केलेल्या सदस्यांनी तो तपासून द्यावा, ही विनंती.

नळांना एरेटर (पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी) बसवण्यापूर्वी मी स्वतः स्वयंपाकघरातील नळाखाली १० लिटरची बादली ठेवून पाहिली. ती ५० सेकंदांत भरली. बसवल्यावर तिला पावणेदोन मिनिटे लागली. शिवाय गळके फ्लश बदलले आणि गच्चीवरील टाक्यांचे भरून वाहणे थांबवले. मुख्य मीटरवर रोजचा वापर २४,००० लिटरवरून १८,००० लिटरवर आला. ‘कृष्णेचे रोज ६,००० लिटर पाणी वाचवले’ असे आम्ही फलकावर अभिमानाने लिहिले, तेव्हा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी हा आकडा चुकीचा असल्याचे सांगितले.

त्यांचे म्हणणे असे की, अंघोळ, धुणी-भांडी आणि संडास यांसाठी वापरलेले पाणी संपत नाही, त्यातील बरेचसे गटारांवाटे पुन्हा नदीला मिळते. कायमचे जाते ते वाफ होऊन उडालेले आणि झाडांनी शोषलेले. राज्याराज्यांमधील कृष्णा पाणीतंट्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादानेही घरगुती व शहरी पुरवठ्यासाठी उचललेल्या पाण्यापैकी २० टक्केच पाणी खर्ची धरले होते. त्या मापाने आमची बचत फक्त १,२०० लिटर ठरते.

हे मला पटते, पण पुरते नाही. उरलेले ४,८०० लिटर पूर्वी सांडपाणी होऊन परत जात होते, आता ते उचललेच जात नाहीत. शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या शेरीनाल्याचे पाणी कृष्णेत कसे मिसळते हे सांगलीकरांना सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पात्र आटलेले असताना नदीत राहिलेले स्वच्छ पाणी आणि नाल्यातून परत आलेले पाणी एकाच मापाने मोजावे का?

मला अधिक सलते ते बागेचे. कपडे धुण्याच्या यंत्रातून निघणारे शेवटचे, बऱ्यापैकी निवळ पाणी आम्ही पिंपात साठवतो आणि याच वर्षी लावलेल्या हिरवळीला देतो. जुन्या झाडांना नळाचे पाणी देणे बंद करून हे दिले असते, तर ती निखळ बचत होती. पण हिरवळ नवी आहे, आणि पूर्वी गटारात जाणारे ते पाणी आता उन्हात उडून जाते. म्हणजे ज्या उपायाचे सर्वाधिक कौतुक झाले, त्यानेच नदीला परत जाणारे पाणी घटवले, असे मला वाटते. हे बरोबर आहे का?

शेवटची शंका म्हणजे, आम्ही न उचललेले पाणी पुढे म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पंपांनी उचलून ऊस-द्राक्षांना दिले, तर ते नदीसाठी वाचले असे म्हणता येईल का? फलकावर कोणता आकडा लिहावा, आणि हिरवळ काढावी की ठेवावी, हे कृपया कारणांसह सांगावे.