स्वमग्नता आणि तंतुकणिका : मुलाची तपासणी करावी का?

मधुमालती
माझ्या साडेचार वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षी स्वमग्नतेचे निदान झाले. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी नियमित सुरू आहे. पावसाळ्यात त्याला चार दिवस ताप आला आणि त्यानंतर येत असलेले शब्द गेले. महिन्याभरात शब्द परतले, पण थकवा राहिला. जिना चढताना तो आता मध्येच बसून घेतो. एका परिचितांच्या मते स्वमग्नतेचे मूळ मायटोकाँड्रियातच, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांतच असते, म्हणून कार्निटिन आणि कोएन्झाइम क्यू-टेन ही पूरके लगेच सुरू करावीत. यात कितपत तथ्य आहे? तंतुकणिका आईकडून येतात असे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे.

पेशीवेल्हाळ
मी जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे संशोधनापुरते सांगते. संबंध आहे, मात्र 'मूळ तेच' असे म्हणण्याइतका पुरावा नाही. पोर्तुगालमध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 69 स्वमग्न मुलांच्या रक्तातील लॅक्टेट (ऊर्जानिर्मिती अडखळली की वाढणारा पदार्थ) मोजले, 14 जणांत ते वाढलेले आढळले, आणि पुढच्या तपासण्यांनंतर 5 जणांत श्वसन-साखळीचा (तंतुकणिकेत ऊर्जा तयार करणाऱ्या प्रथिनांच्या साखळीचा) निश्चित विकार ठरला. 2010 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2 ते 5 वर्षांच्या 10 स्वमग्न मुलांच्या रक्तातील लसिकापेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तपासल्या आणि बहुतेकांत ऊर्जानिर्मिती मंदावलेली दिसली; पण मुले दहाच होती, आणि तपासल्या त्या रक्तातील पेशी, मेंदूतील नव्हेत. 2012 च्या एका एकत्रित विश्लेषणात स्वमग्न मुलांमध्ये तंतुकणिकांच्या विकाराचे प्रमाण सुमारे 5 टक्के निघाले. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत ते पुष्कळच जास्त आहे, तरीही शंभरातील पंचाण्णव मुलांना हे निदान लागू पडत नाही. शिवाय ऊर्जेची उणीव हे कारण आहे की दुसऱ्या एखाद्या बिघाडाचा परिणाम, हे या आकड्यांवरून ठरत नाही.

आता तुमच्या झोपेबद्दल. तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए आईकडून येतो हे खरे, पण त्यात जनुके केवळ 37 असतात. तंतुकणिकेत काम करणाऱ्या हजाराहून अधिक प्रथिनांची माहिती पेशीकेंद्रकात असते आणि ती आईवडील दोघांकडून येते. लहानपणी दिसणारे यातील अनेक विकार दोघांकडून एकेक सदोष प्रत आल्यावरच प्रकट होतात. स्वतःला दोष देऊ नका, ताई.

सह्यकडा
आमच्या मुलीचे लॅक्टेट पहिल्या वेळी वाढलेले आले आणि पुढचे चार महिने आम्ही भीतीत काढले. नंतर कळले की मूल रडत-ओरडत असेल, किंवा दंडाला पट्टा बराच वेळ आवळलेला असेल, तर लॅक्टेट वाढलेलेच दिसते. दुसऱ्या वेळी तिला शांत करून, पट्टा न बांधता रक्त घेतले, नमुना बर्फात ठेवून तातडीने तपासला आणि तो सामान्य निघाला. हे आम्हाला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

बालमज्जा
मी बालमज्जाविकारतज्ज्ञ आहे. प्रत्येक स्वमग्न मुलाची ही तपासणी करावी असे मी म्हणणार नाही, पण तापानंतर कमावलेले शब्द जाणे आणि हालचालीत लवकर थकणे ही लक्षणे एकत्र आली की मी ती करतोच. लॅक्टेट, पायरुवेट, सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारे विकर) आणि असिलकार्निटिन (कार्निटिनला जोडलेली मेदाम्ले) या रक्ततपासण्यांपासून सुरुवात होते. त्यातून काही सूचित झाले तर जनुकीय तपासणी. कार्निटिन आत्ता सुरू करू नका, कारण ते पोटात गेल्यावर असिलकार्निटिनचा अहवाल बदलतो आणि मग मूळ स्थिती काय होती हे शोधणे अवघड होते. पुढे कधी झटके आले, तर व्हॅल्प्रोएट देण्यापूर्वी ही शंका डॉक्टरांच्या कानावर घाला; तंतुकणिकांच्या काही विकारांत ते औषध यकृताला घातक ठरते. तापात मुलाला उपाशी राहू देऊ नका. लसीही थांबवू नका, कारण अशा मुलांना खरा धोका प्रत्यक्ष संसर्गाचाच असतो.

मधुमालती
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. कार्निटिनची बाटली आणली होती, ती उघडलेली नाही. येत्या मंगळवारची वेळ मिळाली आहे. जिना चढतानाचे चित्रीकरण आणि तापाच्या तारखांची वही सोबत नेते. थेरपीची सत्रे तोवर चालूच ठेवावीत ना?

बालमज्जा
अवश्य. थकलेला दिसला तर सत्र छोटे करायला सांगा, पण खंड पडू देऊ नका.