मदत हवी आहे: डेअरीने बिल थकवलंय, ७ तारखेला पगार आहेत

शीतसाखळी: एका डेअरीकडे १८ लाखांचं बिल अडकलंय. अकाउंट्सवाले रोज एकच सांगतात, "साहेबांची सही राहिलीय." सहा जणांचे पगार ७ तारखेला. जीएसटीचे ३ लाख २४ हजार पदरचे भरून बसलोय. वकिलाची नोटीस पाठवावी का? लवकर सांगा.

जमाखर्च: काम कसलं? बिल कधीचं? उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योगाची) आहे? लेखी करार?

शीतसाखळी: दुधाच्या बल्क कूलरवर (दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाकीवर) तापमानाचे सेन्सर आणि मोबाइल ॲप, ४० संकलन केंद्रं. बिल देऊन ७० दिवस झाले. करार नाही, नुसती पीओ (खरेदीची ऑर्डर). उद्यम काढलंय बहुतेक, भागीदाराने बघितलं होतं. पगाराचं काय करू ते सांगा ना.

एकटाकोडर: हार्डवेअर विकूच नका. तीन वर्षं मी हेच भोगलं. महिन्याचं भाडं लावा, आगाऊ घ्या. पैसे आले नाहीत की ॲप बंद.

दूधवाली: ॲप बंद? कूलर बिघडल्याचं कळलं नाही तर टाकीभर दूध नासेल, आणि ते शेतकऱ्याचं. असले सल्ले देऊ नका.

एकटाकोडर: मग यांनी दिवाळं काढायचं का?

जमाखर्च: "बहुतेक" चालणार नाही. प्रमाणपत्र काढून तारीख बघा, नोंदणी पीओनंतरची निघाली तर समोरचे वाद घालतात. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय मुदत उलटली की तो खर्च त्यांना आयकरात प्रत्यक्ष पैसे देतील त्याच वर्षी धरता येतो. वकिलाआधी हे त्यांच्या सीएंना पत्राने कळवा, मार्चअखेर जवळ आलीय. तरी हलले नाहीत तर लघुउद्योगांच्या थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करा, तो असे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जातो.

दूधवाली: पण सही का अडलीय ते विचारलंत का? मी डेअरीत ११ वर्षं काम करतेय. चाळीसही केंद्रं चालू आहेत?

शीतसाखळी: ६ ठिकाणी रेंज नाही, तिथला डेटा येत नाही. बाकी ३४ व्यवस्थित चालू आहेत!

दूधवाली: हे आधी सांगायचं ना दादा. संकलन विभाग ४० वर सही करणारच नाही. ३४ चा कामपूर्ती अहवाल वेगळा करा, तेवढे पैसे आधी मागा. दूधबिलं दर दहा दिवसांनी निघतात, त्या दोन दिवसांत मात्र जाऊ नका.

जमाखर्च: त्या ६ ची तक्रार लेखी आलीय का? माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत नसेल तर तो स्वीकारला असंच धरतात.

शीतसाखळी: नाही, फोनवरच बोलले.

नवउद्योगी: स्टार्टअप इंडियाची मान्यता घ्या, तीन वर्षं आयकर माफ!

जमाखर्च: नुसत्या मान्यतेने माफ होत नाही, वेगळा अर्ज लागतो. आणि इथे प्रश्न पगाराचा आहे.

कोडवाली: पगाराचं कामावरच्या मुलांना आजच सांगा, ७ तारखेला नको. कमी पगारवाल्यांचे पूर्ण करा, भागीदारांनी थांबायचं. आमच्याकडे असंच केलं, एकही जण सोडून गेला नाही.

शीतसाखळी: सांगितलं आत्ताच. उद्यमही सापडलं, पीओच्या दोन महिने आधीचं आहे. उद्या सकाळी ३४ चे अहवाल घेऊन निघतोय. त्या ६ गावांत बीएसएनएलचं सिम टाकून बघावं का?