नर्सिंगच्या मुलामुलींनी शिकायला फिजीला जावं का? माझं मत, जावं. तुमचं?

मेलबर्नची_आई:
नमस्कार मंडळी. लेक इथे नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिच्या बॅचमधल्या काही जणांना क्लिनिकल प्लेसमेंटसाठी, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाच्या सरावासाठी, पॅसिफिकमधल्या फिजी बेटांवर पाठवतायत. ऑस्ट्रेलिया सरकारचा विद्यार्थ्यांना शिकायला परदेशी पाठवायचा न्यू कोलंबो प्लॅन आहे ना, २०१४ ला सुरू झालेला, त्यातून काहींना पैसेही मिळतात. आता नर्स म्हणून रजिस्ट्रेशनसाठी किमान ८०० तास प्लेसमेंट लागतेच, मग ती घराजवळ करायची सोडून एवढ्या लांब कशाला, असं ओळखीतले बरेच जण म्हणाले.
मला हे पटत नाही. इथे प्रत्येक गोष्टीला मशीन, नर्सचं निम्मं लक्ष स्क्रीनवर. फिजीत साधारण नऊ लाख लोक आणि मोठी डिव्हिजनल हॉस्पिटलं तीन, सुवा, लौटोका, लम्बासा. लांबच्या बेटांवर आणि डोंगरातल्या गावांत नर्सिंग स्टेशन म्हणजे छोटा दवाखाना असतो, तिथे बऱ्याचदा एकच नर्स लसीकरण, गरोदर बाया, शुगर-बीपी सगळं बघते. हात लावून, विचारपूस करून आजार ओळखायला तिथेच शिकायला मिळेल. शिवाय लेकीला हिंदी येतं, १८७९ पासून भारतातून गिरमिटवर, म्हणजे करारावर मजुरीला, गेलेल्यांच्या घरांत अजून फिजी हिंदी बोलतात, म्हातारी माणसं तिच्याशी मोकळी बोलतील.

सिस्टर_नाशिक:
ताई, माझा विरोध आहे आणि जरा कडक बोलतेय. मी सिव्हिलला नोकरी केलीय, विद्यार्थिनींची पोस्टिंग लागली की एक सीनियर सिस्टर त्यांच्यामागे अडकते, ते गरजेचंच असतं. पण फिजीत आधीच सिस्टर कमी. कोविडनंतर शेकडो जणी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेल्या, काही तर शिकलेल्या नर्स असून तिकडे वृद्धाश्रमात केअरगिव्हरचं काम करतायत. उरलेल्यांनी पेशंट बघायचे का पाहुण्या पोरींच्या लॉगबुकवर सह्या करायच्या? आणि मेलबर्नला जे करू देत नाहीत ते तिथे करायला मिळतं म्हणून कोणी जात असेल तर ते साफ चूक. तिथल्या बाईचा हात काय सुई टोचायला शिकण्यासाठी आहे का?

ऑकलंडकर:
सिस्टर, शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण मी इथे वॉर्डात काम करतो, आमच्याकडे सामोअन, टोंगन, फिजीयन पेशंट भरपूर. निर्णय एकटा पेशंट घेत नाही, अख्खं कुटुंब बेडभोवती बसतं, आणि ज्या नर्सने हे त्यांच्या गावात पाहिलं नाही ती व्हिजिटिंग अवर्स संपले म्हणून त्यांना हाकलते, हे मी रोज बघतो आणि वाईट वाटतं. दुसरं, शुगर. फिजीत डायबेटिसने पाय कापायची वेळ फार जणांवर येते, जखम चिघळेपर्यंत माणूस येत नाही कारण दवाखाना लांब, बोटीचं भाडं परवडत नाही. ड्रेसिंग करता करता हे ऐकलं की तो पेशंट निष्काळजी आहे असं पुन्हा म्हणवत नाही.

दर्यावर्दी:
चूक झाली तर छोट्या बेटावर काय होतं ते सामोआत बघा, तोही पॅसिफिकमधला बेटांचा देश. जुलै २०१८ मध्ये सवाई बेटावर दोन बाळं दगावली. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीची पावडर ठरलेल्या पाण्याऐवजी मुदत संपलेल्या, भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात त्या औषधात मिसळली गेली. ती लस देणाऱ्या तिथल्याच नर्स होत्या, विद्यार्थी नव्हत्या, हे आधीच सांगतो. दोघींना ५ वर्षांची शिक्षा झाली. पण लसीकरण काही महिने थांबलं, लोकांचा विश्वास उडाला, आणि २०१९ च्या शेवटी गोवराची साथ आली, जेमतेम दोन लाखांच्या देशात ८३ जण गेले, बहुतेक पाच वर्षांखालची पोरं. अनुभवी हातांकडून हे होतं तर नवख्यांना कशाला पाठवायचं?

मेलबर्नची_आई:
दादा, त्याच साथीत बाहेरच्या टीम्स मदतीला धावल्या ना? ५ आणि ६ डिसेंबरला अख्खा देश बंद ठेवून घरोघरी लस दिली, ज्यांची राहिली होती त्यांनी दारावर लाल कापड लावलं होतं. तिथली परिस्थिती माहीत असलेले लोक असतील तरच असं काम पटकन होतं.

दर्यावर्दी:
धावले ते शिकून तयार झालेले लोक होते ताई. अजून शिकत असलेली मुलं नव्हती. फरक आहे.

सिस्टर_नाशिक:
ऑकलंडकर दादांचं पटलं, पण मग पद्धत बदला. पहिला आठवडा सुई-सलाईनला हात नाही, फक्त तिथल्या सिस्टरबरोबर गावात फिरायचं, ऐकायचं. देखरेखीला कॉलेजने आपली माणसं सोबत पाठवायची, वॉर्डाच्या गळ्यात घालायचं नाही. आणि जेवढ्या मुली तिकडे जातील तेवढ्या फिजीच्या मुलींना मेलबर्नच्या हॉस्पिटलात प्लेसमेंट द्या, तोही खर्च ऑस्ट्रेलियानेच करायचा. सुवातल्या नर्सिंगच्या मुलींनाही तेच वॉर्ड लागतात हो, त्यांची ड्युटी आधी लावा, उरलेल्या जागा पाहुण्यांना.

मेलबर्नची_आई:
सोबत कोण जातंय आणि तिकडच्या मुली इकडे येतात का, हे दोन्ही कॉलेजला मेल करून विचारते. तरी लेकीने जावं असंच मला वाटतं.