मदत हवी आहे: मेक्सिकोत आरव्ही नेताना टोलचं बजेट कसं धरायचं?

मोगरा_ह्यूस्टन

नमस्कार मंडळी,

येत्या फेब्रुवारीत आम्ही घरचे पाच जण ह्यूस्टनहून आरव्ही (आत राहायची-झोपायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन मेक्सिकोत जायचं म्हणतोय. नवरा, मुलगी, सासू-सासरे आणि मी. लारेडोजवळच्या कोलंबिया पुलावरून पलीकडे जायचं, मग मॉन्तेरे, साल्तिल्यो, मातेवाला, सान लुईस पोतोसी आणि तिथून सान मिगेल दे आयेंदे. तिथे निवांत मुक्काम. पुढे जमलं तर मिचोआकानमध्ये अंगांगेओच्या बाजूला मोनार्क फुलपाखरं बघायला. सासरे आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवत आले. कॅनडापासून उडत येऊन ही फुलपाखरं तिथल्या ओयामेल झाडांवर हिवाळा काढतात, हे त्यांनी पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवलंय. आता प्रत्यक्ष बघता येतील म्हणून ते फार खुशीत आहेत, त्यामुळे ही ट्रिप पैशांपायी अर्धवट राहू नये असं मला मनापासून वाटतं.

डिझेल-पेट्रोल, कॅम्पग्राउंड, खाणं, मेक्सिकन विमा (अमेरिकेतली पॉलिसी तिकडे चालत नाही, हे माहीत आहे) या सगळ्याचा हिशोब वहीत मांडून झाला. अडलंय ते फक्त टोलवर. गूगल मॅप जो आकडा दाखवतं तो साध्या कारचा. आमची गाडी पंचवीस फुटी क्लास सी (मधल्या आकाराची आरव्ही), फोर्डच्या चेसिसवर, मागच्या ॲक्सलला (चाकं जोडणाऱ्या आसाला) डबल टायर. शिवाय सान मिगेलच्या गल्ल्यांत फिरायला छोटी कार मागे ओढत न्यायचा विचार आहे.

आतापर्यंत कळलंय ते असं. तिकडे एकाच दोन गावांमध्ये बऱ्याचदा दोन रस्ते असतात, टोलचा ‘कुओता’ आणि बिनटोलचा ‘लिब्रे’. नंबरापुढे ‘डी’ असेल (85डी, 40डी, 57डी) तर तो टोलचा. बरेच टोलरस्ते कापुफे ही केंद्र सरकारची संस्था चालवते, बाकीचे खासगी कंपन्यांकडे आहेत, आणि दर वाहनाच्या वर्गावर ठरतो.

माझे प्रश्न:

आमची गाडी कार म्हणून धरतील, बस म्हणून की ट्रक म्हणून? मागे ओढलेल्या कारचे वेगळे पैसे लागतात का? आपल्याकडच्या फास्टॅगसारखं काही घ्यावं का, की रोखच बरी? आणि पैसे वाचवायला सगळीकडे लिब्रे धरला तर चालेल का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, फार धक्के बसलेले चालणार नाहीत.

ज्यांनी या वाटेनं गाडी नेली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

चाकांवरचं_घर

मोगराताई, आधी गाडीच्या मागच्या चाकांकडे बघा, नकाशा नंतर. तुमचं बजेट किलोमीटरपेक्षा टायर आणि ॲक्सलवर जास्त हलणार आहे.

कापुफेच्या दरपत्रकात मोटरसायकल, कार, बस (ॲक्सलप्रमाणे) आणि ट्रक (ॲक्सलप्रमाणे) असे रकाने असतात. कारचा रकाना म्हणजे दोन ॲक्सल, चार टायर. स्प्रिंटरसारखी साधी व्हॅन असेल तर प्रश्नच नसतो. तुमच्या गाडीला मागे डबल टायर म्हणजे एकूण सहा, त्यामुळे खिडकीतला माणूस ती दोन ॲक्सलच्या बस किंवा ट्रकमध्ये टाकू शकतो. तो दर काही रस्त्यांवर कारच्या जवळपास दुप्पट असतो. एका नाक्यावर आमच्याकडून कारचे पैसे घेतले, त्याच रस्त्यावर पुढच्या नाक्यावर बसचे. दोन्हीकडे माणसं सभ्य होती, फक्त एकानं टायर बघितले आणि दुसऱ्यानं नाही.

खिडकीशी पोचल्यावर शांतपणे ‘कासा रोदान्ते’ म्हणायचं, म्हणजे चाकांवरचं घर. तिथल्या फलकावर सगळे दर लिहिलेले असतात. पैसे देण्याआधी पडद्यावरचा आकडा त्या फलकाशी ताडून बघा. चूक वाटली तर तिथेच विचारा, पावती फाटल्यावर कोणी मागे फिरवत नाही.

ओढलेल्या कारचे पैसे लागतात. तिला ते ‘जादा ॲक्सल’ म्हणतात आणि हलक्या वाहनामागच्या प्रत्येक जादा ॲक्सलचा दर साधारण कारच्या निम्मा असतो. समजा एका नाक्यावर कारला 200 पेसो आहेत. चार टायरच्या गाडीमागे दोन ॲक्सल ओढले तर 200 अधिक 100 अधिक 100, म्हणजे 400. तुमची गाडी बसमध्ये मोडली तर सुरुवातच 200 च्या वर होईल आणि त्यावर हे दोन जादा ॲक्सल. ती छोटी कार न्यायची की नाही, याचा निर्णय टोलचा आकडा काढून मगच घ्या.

---

सिएरा_मुशाफिर

आकडा काढायला मेक्सिकोच्या दळणवळण मंत्रालयाचं ‘त्रासा तु रूता’ नावाचं साधन वापरा, म्हणजे ‘तुमची वाट आखा’. सगळं स्पॅनिशमध्ये आहे पण सोपं आहे: निघायचं गाव, पोचायचं गाव, वाहनाचा वर्ग, जादा ॲक्सल किती. नाकेवार दर समोर येतो. मी नेहमी तीनदा आकडा काढते. एकदा कार म्हणून, एकदा दोन ॲक्सलची बस म्हणून, एकदा ओढलेल्या गाडीसकट. बजेटमध्ये सगळ्यात मोठा आकडा धरायचा. दर बहुतेक दरवर्षी वाढतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या कुणाच्या प्रवासवर्णनातले आकडे उचलू नका. निघायच्या आठवड्यात पुन्हा काढा.

आता लिब्रेबद्दल. सगळीकडे कुओता किंवा सगळीकडे लिब्रे असा निर्णय घेऊच नका, तुकड्या-तुकड्यानं ठरवा. तुमच्या वाटेचं सांगते.

सरहद्दीपासून मॉन्तेरेपर्यंत साधारण सव्वादोनशे किलोमीटर. तिथे टोलच द्या. पैसे बरे जातात, पण नवख्या माणसानं पहिल्याच दिवशी मोठी गाडी घेऊन लिब्रेवर जाऊ नये. कोलंबिया पूल निवडलात हे फार छान केलंत. तो थेट नुएव्हो लेऑन राज्यात उतरतो, नुएव्हो लारेडो शहरात शिरावं लागत नाही. पुलाचाही वेगळा टोल असतो, तो वहीत लिहा.

मॉन्तेरे शहरात आरव्ही घालू नका. बाहेरून साल्तिल्योकडे जाणारा टोलचा वळणरस्ता आहे, तो घ्या. ट्रक-गर्दीत अडकून जे पेट्रोल आणि जी मनःशांती जाते त्यापेक्षा तो टोल स्वस्त.

साल्तिल्योच्या पुढे मात्र चित्र बदलतं. सान लुईसपर्यंत 57 नंबरचा बराचसा रस्ता दुभाजकासह चार पदरी आहे आणि तोही बिनटोलचा. मधे गावांना वळसा घालणारे टोलचे तुकडे लागतात. मातेवालाजवळ असा एक आहे. तिथे मी गाव आणि वेळ बघून ठरवते: दुपारी जेवायला थांबायचंच असेल तर गावातून, नाहीतर बाहेरून. परत येताना साल्तिल्योच्या आधी लोस चोर्रोसचा उतार आहे. तिथे खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, अवजड ट्रक भरपूर असतात.

गावांतल्या लिब्रेवर ‘तोपे’ म्हणजे गतिरोधक. काही रंगवलेले, काही नाहीत. आपल्या राज्य महामार्गावर गाव लागलं की जसं होतं अगदी तसंच. सासूबाईंचे गुडघे आणि गाडीतली कपाटं, दोन्हीसाठी हे महत्त्वाचं आहे.

---

नेहमीचा_वाचक

पासे, इआवे, तेलेव्हिया असे फास्टॅगसारखे टॅग मिळतात आणि एकाचा टॅग दुसऱ्याच्या बऱ्याच नाक्यांवर चालतो. ऑक्सोच्या दुकानांतही विकत मिळतात. पण कारचा टॅग लावून मागे दुसरं वाहन ओढत टॅगच्या लेनमध्ये शिरायचं म्हणजे वादाला आमंत्रण. मागे रांग आणि पुढे दांडा! पहिल्या खेपेला माणूस असलेली खिडकी आणि रोख पेसो, हेच बरं.

रोख किती? मोठ्या नोटा वेगळ्या ठेवा आणि टोलसाठी वीस, पन्नास, शंभरच्या नोटांची एक पिशवी ड्रायव्हरशेजारी ठेवा. कार्ड सगळीकडे चालेल या भरवशावर राहू नका. कधीकधी आंदोलक नाका ताब्यात घेतात आणि गाडीवाल्यांकडून ‘सहकार्य’ मागतात. अशा वेळी वाद घालू नये, सुट्टे द्यावेत, पुढे निघावं. त्यासाठी बजेटमध्ये थोडी रक्कम वेगळी धरा.

पावती फेकू नका. टोलच्या पैशांत त्या रस्त्यावरचा विमा धरलेला असतो आणि काही झालं तर पावतीच पुरावा. गाडी बंद पडली तर 078 ला फोन करा. आंखेलेस व्हेर्देस, म्हणजे हिरवे देवदूत, पर्यटन खात्याची हिरवी गाडी घेऊन येतात. मदत फुकट असते, लागलेल्या सुट्या भागांचे आणि इंधनाचे पैसे मात्र आपले. रात्री गाडी चालवू नका, टोलच्या रस्त्यावरसुद्धा.

---

मोगरा_ह्यूस्टन

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याबरोबर बसून तीनही प्रकारे आकडे काढले. छोटी कार ओढायची म्हटलं तर फक्त तिच्या दोन ॲक्सलपायी टोल इतका वाढतो की सान मिगेलमध्ये सगळा मुक्काम टॅक्सीनं फिरलो तरी पैसे उरतील. कार घरीच ठेवणार. तात्पुरत्या आयातीच्या परवान्यासाठी (परदेशी गाडी काही काळ मेक्सिकोत न्यायची परवानगी) कारला जी अनामत भरावी लागते (2007 किंवा त्यानंतरच्या मॉडेलला 400 डॉलर), तीही वाचली.

गाडी बस म्हणून धरली जाईल असं गृहीत धरून एकूण आकड्यावर पाचवा हिस्सा वर ठेवलाय. कारच्या दरात सोडलं तर उरलेले पैसे फुलपाखरांच्या बाजूच्या गाइडला आणि घोड्यांना. सासूबाईंना त्या चढावर घोड्यावरून नेता येतं असं वाचलंय.

एक शेवटचा प्रश्न: सान मिगेलहून अंगांगेओला जाताना मेक्सिको सिटी टाळायची आहे. वाटेत आर्को नोर्तेचं नाव दिसतं, तो महागडा टोलरस्ता लागेल का?

---

सिएरा_मुशाफिर

नाही लागत. आर्को नोर्ते हा आत्लाकोमुल्कोपासून पूर्वेला, राजधानीला उत्तरेकडून वळसा घालून पुएब्लाच्या दिशेनं जातो. तो ओआहाका किंवा व्हेराक्रूझला जाणाऱ्यांसाठी. तुम्ही पश्चिमेला, माराव्हातियो गावाच्या बाजूनं वर चढा. शेवटचा डोंगररस्ता अरुंद आहे, त्यामुळे आरव्ही खाली एखाद्या कॅम्पग्राउंडवर किंवा हॉटेलच्या आवारात लावा आणि वर स्थानिक गाडीनं जा. सकाळी थंडीत फुलपाखरं झाडांना घट्ट चिकटून असतात, ऊन पडल्यावर उडतात. म्हणून आदल्या रात्रीच जवळ मुक्कामाला पोचा. त्या रात्रीच्या पार्किंगचे पैसे वहीत आहेत ना?

---

मोगरा_ह्यूस्टन

नव्हते. आत्ता लिहिले.