ईव्हीए शीट दोन दिवसात आकसते, रेझिनच चुकलंय का?

शीटवाला:
ईव्हीए (एथिलीन-व्हिनिल अ‍ॅसिटेट, रबरासारखं मऊ प्लास्टिक) फोमची शीट काढायला नुकतीच सुरुवात केलीय. प्रेस उघडल्यावर मस्त फुगून बाहेर येते पण दोन दिवसात कडेने आकसते आणि मधे खोलगट होते, ब्लेडने कापून बघितलं तर आत बारीक जाळी नाहीच, कुठे कुठे तर टाचणीच्या डोक्याहून मोठी भोकं. रेझिन (कच्चं प्लास्टिक) २८ टक्के व्हीएचं (व्हिनिल अ‍ॅसिटेट) आहे, पोत्यावर मेल्ट इंडेक्स (वितळल्यावर किती सहज वाहतं त्याचा आकडा) २५ लिहिलाय. फोम मऊ हवा होता म्हणून जास्त टक्क्याचं घेतलं. प्रेस १६५ डिग्रीला चालवतो. एडीसी (फोम फुगवणारी पावडर) कमी करून बघू का?

मिक्सिंगवाला:
दादा, एडीसीला आत्ता हात लावू नका. २८ टक्के आणि २५ मेल्ट इंडेक्स म्हणजे बहुतेक ते हॉट मेल्ट गोंदासाठीचं रेझिन आहे, वितळलं की खूप पातळ होतं. एडीसीचा गॅस सुटतो तेव्हा फोममधल्या कप्प्यांच्या भिंतींना ताणाला टिकायला पाहिजे, पातळ मालात त्या फुटतात आणि दोन कप्प्यांचा एक होतो, तीच तुमची मोठी भोकं. प्रेसच्या फोमला साधारण १८ टक्के व्हीए आणि २ ते ३ मेल्ट इंडेक्सवालं घेतात. व्हीए वाढवलं की मऊपणा येतो हे खरंय, पण वितळण्याचं तापमानही खाली येतं, त्यामुळे फोम गरमीत लवकर बसतो.

जुना_प्रेसमन:
वरचं बरोबर आहे, पण डीसीपीपण (क्रॉसलिंकिंग करणारं पेरॉक्साइड) बघा. आकसणं बऱ्याचदा क्रॉसलिंकिंग (प्लास्टिकच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाणं) अर्धवट राहिल्यामुळे होतं, शीट जाड असेल तर गरमी मधोमध पोचायलाच वेळ लागतो, बाहेरून शिजलेली आणि आत कच्ची. आणि नीडरमधे (माल मळायचं मशीन) डीसीपी आणि एडीसी अगदी शेवटी टाका, माल १२० च्या वर जाऊ देऊ नका नाहीतर तिथेच गाठी धरतात. झिंक ऑक्साइड घालताय ना? नुसतं एडीसी २०० च्या आसपास फुटून गॅस सोडतं, झिंकमुळे ते प्रेसच्या तापमानालाच फुटतं. अजून एक, प्रेस एका झटक्यात उघडा, हळू उघडली तर एक कड आधी फुगते आणि शीट फाटते.

शीटवाला:
झिंक घालतो, पण डीसीपी सगळ्यात आधी टाकत होतो 😔 प्रेसमधे वेळ वाढवला तर हेच रेझिन चालेल का? पोती पडून आहेत हो.

जुना_प्रेसमन:
एकट्याने नाही चालणार. १८ वाल्यात थोडं थोडं मिसळून संपवा, मऊपणापण मिळेल. प्रत्येक बॅचचा एक तुकडा मोजून ७० डिग्रीच्या ओव्हनमधे तासभर ठेवा आणि गार झाल्यावर परत मोजा, किती आकसला ते तिथेच कळतं, दोन दिवस वाट बघायला नको.