झुंडीचा वेग हेच तिच्याविरुद्धचे शस्त्र
दीर्घिकाभर पसरलेल्या काल्पनिक साम्राज्यावर परग्रहीय झुंड चालून आली, तर त्याने सारे आरमार सीमेवर उभे करून तिला तिथेच रोखावे, हे मत मला पटत नाही; सुमारे एक लाख प्रकाशवर्षे व्यासाच्या दीर्घिकेत सीमा ही रेषा नसून अवाढव्य पृष्ठभाग असतो आणि त्यावर पसरलेले आरमार कुठेच पुरेसे दाट राहत नाही. त्याऐवजी झुंडीचा वेगच तिच्यावर उलटवावा. प्रकाशाच्या एक टक्का वेगाने येणाऱ्या झुंडीच्या वाटेत केवळ 1 किलोचा दगड आला, तरी धडकेची ऊर्जा सुमारे एक किलोटन टीएनटीच्या स्फोटाइतकी भरते. म्हणजे महागड्या युद्धनौकांपेक्षा फोडलेल्या लघुग्रहांचे ढग अधिक उपयोगी (शिवाय दगडांना पगार द्यावा लागत नाही). ताऱ्याजवळ थांबण्यासाठी झुंडीला वेग कमी करावाच लागेल आणि त्यातून निघणारी उष्णता अवरक्त दुर्बिणींना दुरूनच दिसेल. मात्र वेग फार उतरण्याआधीच तिला गाठायचे, तर ढग ग्रहमंडळाच्या बऱ्याच बाहेर पसरलेले हवेत. खरी अडचण संदेशांची आहे. ते प्रकाशाच्याच वेगाने जाणार असतील, तर राजधानीचा हुकूम पोहोचेपर्यंत सीमेवरचे ग्रह गिळले गेलेले असतील, म्हणून ढग सोडण्याचा अधिकार स्थानिक सुभेदारांकडेच असावा, मग त्यातून पुढे बंडे उद्भवली तरी.