आईच्या ऑपरेशनचा निर्णय आईला न विचारता घ्यायचा?

लेक, कोपरखैरणे

आई ६६ वर्षांची आहे. डाव्या स्तनातली गाठ आंघोळ करताना तिच्याच हाताला लागली आणि दाखवून येऊ असंही तीच म्हणाली. रिपोर्ट आला त्या दिवशी वाशीतल्या एका खासगी हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि दादाला नि मला आत बोलावलं. कॅन्सर आहे, पण लवकर सापडलाय. एक तर गाठ आणि तिच्या आजूबाजूचा थोडा भाग काढायचा आणि मग काही आठवडे रेडिएशन घ्यायचं, नाहीतर पूर्ण स्तन काढायचा. आईच्या टप्प्यावर आयुष्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. दादा तिथेच म्हणाला, "पूर्णच काढा, मागे काही राहायला नको." आईला सांगितलंय, साधी गाठ आहे. ऑपरेशन येत्या गुरुवारी.

माझ्या आईने २२ वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहिला. अजूनही दुधाचा खाडा आणि स्वतःच्या साखरेचे आकडे कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने मांडते. काल मला म्हणाली, "माझी फाइल कपाटावर का ठेवलीये गं? माझा हात पोचत नाही तिथे."

दादा वाईट नाही. बाबांच्या आजारपणात सगळं त्याने एकट्याने काढलं. कॅन्सर म्हटलं की आई हाय खाईल, अशी त्याला खरोखर भीती आहे. फॉर्मवर नातेवाइकाच्या जागी त्याने सही केली, आईची ऑपरेशनच्या सकाळी घेऊ म्हणतो. हे कायद्यात बसतं का? आणि सांगायचं तर कसं सांगू?

निवृत्त सिस्टर, ठाणे

ताई, ३१ वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली मी. ड्रेसिंग बदलताना बायका हळूच विचारायच्या, "सिस्टर, सगळंच का काढलं हो?" माझ्याकडे उत्तर नसायचं. अंग तिचं, आणि ठरवलं बाहेर बाकावर बसलेल्यांनी. आणि हे लपून राहत नाही. फॉलोअपला गेलं की शेजारच्या बाकावरची बाई सगळं सांगते. मग आजाराचं दुःख राहतं बाजूला, "माझ्याच पोरांनी मला सांगितलं नाही" हे जास्त लागतं. मी पाहिलंय ते.

सकाळची सही तर घेऊच नका. उपाशी पोटी, गाऊन घालून, स्ट्रेचरवर पेन हातात दिलं की माणूस काहीही सही करतं.

वकील, कळवा

समिरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, सर्वोच्च न्यायालय, १६ जानेवारी २००८. बाई ४४ वर्षांच्या, दुर्बिणीतून तपासणीला संमती दिलेली. त्या भुलीत असताना बाहेर त्यांच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, बीजांडकोश काढले. न्यायालय म्हणालं, जीवाला तातडीचा धोका नव्हता, पेशंट सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईची संमती ग्राह्य धरली नाही. मग तुमच्या दादाची कशी धरणार? उपचार काय, दुसरे पर्याय कोणते, धोके काय, नाही केलं तर काय होईल, हे पेशंटला सांगितल्यावरच्या सहीला अर्थ आहे. तुमच्याकडे दुसरा पर्याय होता, तोच आईपर्यंत गेला नाही.

आणि ती फाइल आईच्या हातात द्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायचं असतं. घरातल्या घरात कसले अडथळे!

घोडबंदर रोडवाला

थोडं वेगळं बोलतो. माझ्या वडिलांनी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "मला आकडे नकोत, मुलाशी बोला." त्यांना खरंच ऐकायचं नव्हतं आणि आम्ही ते शेवटपर्यंत पाळलं. पण ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं. म्हणून आधी एवढंच विचारा, "आई, तुला सगळं ऐकायचंय का?" आणि दादाला वगळून काही करू नका. इतकं ओझं एकट्याने उचललेला माणूस आहे तो.

लेक, कोपरखैरणे

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दुपारी तिघं बसलो. शेवटी दादानेच विचारलं. आई म्हणाली, "गाठ मला सापडली ना? मग मला सांगा." सांगताना दादाचा आवाज गेला, पुढचं मी सांगितलं. ती बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मग फाइल मागितली, चष्मा लावला आणि पेन्सिल घेतली.

पुढच्या महिन्याच्या पानावर तिने प्रश्न लिहिलेत. रेडिएशन रोज का? किती दिवस? खारघरला टाटाच्या केंद्रात दुसरं मत घेता येईल का? डावा हात वर जाईल का, फळीवरचा डबा काढता येईल का?

गुरुवारची तारीख पुढे ढकलली. मंगळवारी ती स्वतः केबिनमध्ये बसणार आहे, दादाने रजा टाकलीय. तिचं मन कुठे झुकतंय ते तिने सांगितलेलं नाही, आम्हीही विचारलेलं नाही.